परत आलेला शिपाई

बालाक्लाव्हाच्या रणांगणावरील घोडदळाच्या हल्ल्याविषयीं टेनिसननें रचलेली कविता आम्हीं आजवर किती वर्गांना शिकविली, याची गणती नाहीं. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं वरिष्ठांच्या हुकुमांतील घोंटाळ्यामुळें सुमारें पावणेसातशें ब्रिटिश स्वार रशियन तोफांच्या तोंडीं गेले, आणि दीड-दोन महिन्यांच्या आंत ती कविता छापून निघाली. ती वाचून दाखवितांना आमचेंही रक्त उसळत असे, हें कबूल केलें पाहिजे. मागें एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, जे जिवंत परत आले, त्यांचें पुढें काय झालें?" तो भाग नेमलेला नाहीं, असें सांगून आम्हीं पुढचें कडवें घेतलें. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें, हें खरें कारण.

पुढें शोध करितां कळलें तें असें. १८९० सालीं, म्हणजे छत्तीस वर्षांनीं, त्या स्वारांपैकीं कित्येकजण विपन्नावस्थेंत दिवस कंठीत असल्याची ओरड इंग्लंडांत झाली आणि त्यांच्यासाठीं वर्गणी गोळा करावी लागली. त्या फंडाच्या साह्यार्थ फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा आवाज आणि हल्ल्यांतून वांचलेल्या एका बिगुलवाल्याचें बिगूल, नव्यानेंच निघालेल्या फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांडीवर उतरवून घेण्यांत आलें. कवि तेव्हां हयात होता. कविता तर घरोघर मुखोद्गत होती. तेव्हां राष्ट्र त्यांना विसरलें होतें, असेंही म्हणवत नाहीं. राष्ट्राला त्यांचा पराक्रम तोंडपाठ होता. माणसें तेवढीं ठाऊक नव्हतीं.

हा जुना प्रकार झाला, असें कोणी म्हणेल. परंतु आजच्या अमेरिकेकडे पाहावें. तेथें शिपायाच्या सन्मानांत कांहीं उणें नाहीं. ११ नोव्हेंबरला मिरवणुका निघतात. वाटेंत भेटलेल्या सैनिकाचे आभार मानण्याचीही रीत आहे. त्याच देशांत जानेवारींतील एका रात्रीं बेघर माणसांची मोजणी होते, आणि २०२४ च्या मोजणींत ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. २०१० सालीं ते सुमारें ७४ हजार होते. घरभाड्याची सरकारी मदत आणि तिच्या जोडीला आजार, व्यसन यांची विचारपूस करणारा माणूस, एवढ्या साध्या उपायानें पुष्कळांना छप्पर मिळालें. म्हणजे ही दैवगति नव्हे. कोणीं तरी मनावर घेतलें तेव्हां संख्या निम्म्याहून खालीं आली.

मग इतकीं वर्षें कां घेतलें नाहीं? आम्हांस वाटतें, जिवंत शिपाई आपल्या मनांतील चित्राशीं जुळत नाहीं. चित्रांतला ताठ उभा असतो. फूटपाथवरचा दाढी वाढलेला, कदाचित् प्यालेला, झोपेंत दचकून ओरडणारा असतो. त्याच्याकडे पाहिलें कीं आपली पहिली शंका हीच, कीं हा खरोखर शिपाई होता काय! स्मारकाविषयीं अशी शंका येत नाहीं, आणि स्मारक खोली मागत नाहीं.

'त्यानें पगार घेतला, व्यवहार मिटला,' हाही युक्तिवाद ऐकूं येतो. अमेरिकेंत १९७३ पर्यंत सक्तीची भरती होती. पाळी आली म्हणून व्हिएतनामला धाडलेल्यांना हें कोणत्या तोंडानें सांगावें? स्वखुषीनें गेलेल्यानेंही मरणाची अट मान्य केली ती आमच्या मतांनीं निवडलेल्या सरकारच्या शब्दावर. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. थंडी शिपायाला आणि हमालाला सारखीच वाजते. मग शिपायाचीच कड कां? गरज दोघांची सारखी, हें आम्हांस मान्य. शिपायाचें नांव पुढें करून हमालाला रांगेंतून हांकलणें हा तर उघड अन्याय होईल. पण हमालाला आपण दया दाखवितों असें म्हणतां येईल. शिपायाच्या बाबतींत तो शब्दच चुकीचा आहे. त्याला आपण धाडलें होतें, आणि देणें फेडण्याला दया म्हणत नाहींत.

यंदा ती कविता शिकवितांना आम्हीं १८९० ची हकीकतही सांगितली. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग मागच्या बांकावरून एकानें, हें परीक्षेला आहे काय, असें विचारलें.