अमरप्रीतच्या सिग्नलला पप्पांची बस

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी अमरप्रीत चौकात अडकलो होतो. ऑफिस उस्मानपुऱ्यात, घर सिडकोत, म्हणजे जालना रोड काही चुकत नाही. एसी चालू, पॉडकास्ट चालू, गाडीत मी एकटा. शेजारी एका कंपनीची बस येऊन थांबली. वाळूजहून आलेली, जनरल शिफ्ट सुटलेली. खिडकीला डोकं टेकवून एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. दोनदा सिग्नल हिरवा झाला तरी आम्ही तिथंच. तिसऱ्यांदा लाल झाल्यावर नीट बघितलं, तर ते पप्पा होते.

मी हॉर्न दिला नाही. उठवून काय सांगणार होतो? की पप्पा, तुमच्या पुढं जी रांग आहे ना, तिच्यात मीपण आहे?

बसमध्ये चाळीसेक माणसं होती. माझी एकट्याची गाडी त्या बसच्या जवळपास निम्मी जागा अडवून उभी होती. दहा मिनिटं गेली ती माझी दहा, आणि बसमधल्यांची मिळून चारशे. हा हिशोब करायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. पण तो मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

त्यानंतर काही आठवडे मला एकाच विषयाचा नाद लागला: कंजेशन चार्ज. गर्दीच्या वेळी, शहराच्या गर्दीच्या भागात गाडी आणायची तर पैसे भरा. सिंगापूरनं हे १९७५ मध्ये सुरू केलं, तेव्हा तीन डॉलर होते. आणि गाडीत चार माणसं असतील तर काहीच नाही. लंडननं २००३ मध्ये पाच पौंडांपासून सुरुवात केली. न्यूयॉर्कनं २०२५ च्या जानेवारीत नऊ डॉलर लावले. त्याआधी पंधरा डॉलरचा बेत ऐन वेळी गव्हर्नरनीच थांबवला होता. भारतात हे अजून कुठल्याच शहरात नाही.

आपण तर नेमकं उलटं केलं. १४ ऑक्टोबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी दिली. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. त्याच मध्यरात्रीपासून लागू. दुसऱ्या दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. कारला ४५ रुपये होते. खरं तर तो गर्दीचा आकार नव्हताच, उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायचा टोल होता, आणि त्या नाक्यांमुळेच रांगा लागायच्या. त्यामुळं आनंद होणं साहजिक होतं. मलाही झाला. मुलुंडच्या मावशीकडं जाताना मी नाक्यावरून न थांबता गेलो आणि व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

पण 'फुकट' या शब्दाबद्दल आपल्या गावातल्या माणसानं जरा सावध राहायला हवं. २०२२ मध्ये महापालिकेनं पाणीपट्टी ४०५० वरून २०२५ रुपये केली. म्हणून नळाला पाणी लवकर आलं का? ज्याच्या गच्चीवर दोन टाक्या आणि खाली हौद, त्याला पुढचं पाणी येईपर्यंत फरक पडत नाही. ज्याच्याकडं दोन ड्रम, तो टँकरची वाट बघतो. किंमत गेली नाही, फक्त पावतीवरून उठून दुसरीकडं जाऊन बसली. रस्त्याचंही तेच. जालना रोड फुकट नाही. त्याचे पैसे रोज भरले जातात, मिनिटांत. आणि ही वसुली कुणाच्याच तिजोरीत जात नाही. टोलचे ४५ रुपये निदान कुणाला तरी मिळायचे. पप्पांची दहा मिनिटं कुणालाच मिळत नाहीत.

इथवर मला सगळं पटलं होतं. मग मी ते घरी जेवताना पप्पांना सांगितलं.

"म्हणजे पैसे भरले की रस्ता मोकळा?"

"हो. थोडीफार लोकं गाडी आणायची थांबतात."

"कोण थांबतं? तू थांबशील का?"

मी म्हटलं, शंभर रुपये असले तर कदाचित नाही.

"मग तुझ्यासाठीच मोकळा करायचाय की. भाजीवाला थांबेल, तू नाही थांबणार."

आई म्हणाली, वरण घ्या.

हा मुद्दा वाऱ्यावर सोडता येत नाही. जाधववाडीच्या मार्केटमधून माल भरून छोट्या टेम्पोनं शहरात येणाऱ्याला रोजचे शंभर म्हणजे महिन्याचे अडीच-तीन हजार. मला तेवढे शनिवारच्या दोन जेवणांत जातात. रांगेत निदान आम्ही दोघं सारखेच तापतो. (तोही पूर्ण सारखा नाही, एसी माझ्याकडं आहे.) जे सगळ्यांचं आहे, त्याला किंमत लावली की ते ज्याला परवडतं त्याचं होतं, ही भीती खोटी नाही. न्यूयॉर्कमध्ये कमी उत्पन्नवाल्यांना महिन्यात ठरावीक फेऱ्यांनंतर निम्मी सवलत आहे. म्हणजे तिथंही ही भीती कुणाला तरी होतीच.

त्यामुळं मी एक मध्यममार्गी भूमिका घेतली. तुम्हीही ऐकली असेल: आधी चांगल्या बस द्या, मग बोला. आपल्याकडं स्मार्ट सिटीच्या बस २०१९ पासून आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी गाडी विकणार नाही. शेंद्रा ते वाळूज अखंड उड्डाणपूल, मेट्रो, हे सगळं आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय. तोपर्यंत पैसे मागणं म्हणजे दंडच. ही भूमिका मला आवडली, कारण ती न्यायाची होती आणि तिच्यात मला काहीच करावं लागत नव्हतं.

मग स्टॉकहोमबद्दल वाचलं आणि पंचाईत झाली.

तिथं २००६ मध्ये जानेवारी ते जुलै फक्त प्रयोग म्हणून चार्ज लावला. आमच्या धंद्यात एखादं फीचर चालू करून बघतात, बंद करून बघतात, तसं. चार्ज लागताच हद्दीवरून ये-जा करणाऱ्या गाड्या साधारण वीस टक्क्यांनी घटल्या. जुलै संपला, चार्ज थांबला, गाड्या बऱ्याच अंशी परत आल्या. सप्टेंबरमध्ये शहरानं मतदान घेतलं आणि थोड्या फरकानं का होईना, लोकांनी 'हो' म्हटलं. २००७ च्या ऑगस्टपासून तो कायमचा झाला. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. नंतर विचारलं तर कित्येकांना आपण विरोधात होतो हेच आठवेना.

माझी पंचाईत मात्र दुसऱ्याच गोष्टीनं झाली. तिथं जादा बस आधी आल्या होत्या. २००५ च्या ऑगस्टमध्येच, म्हणजे चार्जच्या चार-साडेचार महिने आधी. तेवढ्यानं रस्त्यावरच्या गाड्या किती कमी झाल्या? दिसण्याइतक्या काही नाहीत. बस समोर उभी होती, तरी गाडीवाले गाडीतच होते. माझ्यासारखेच.

म्हणजे 'आधी बस द्या' हे भाजीवाल्याच्या तोंडी खरं आहे, बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी खरं आहे. माझ्या तोंडी ते निम्मं खरं आणि निम्मी सबब आहे. बस चांगली नाही म्हणून मी गाडी काढतो. मी गाडी काढतो म्हणून बस अमरप्रीतला अडकते. बस अडकते म्हणून ती चांगली नाही. या चक्रात सुरुवात कुणी करायची, हा प्रश्न मी नेहमी महापालिकेला विचारतो. मला कुणी विचारत नाही, कारण माझ्याकडून कुणी काही मागतच नाही.

आता माझं मत असं आहे: चार्ज असावा, पण तो आधी माझ्यासारख्याला असावा. ऑफिसच्या वेळेला एकट्यानं कार घेऊन निघणाऱ्याला. मालाच्या टेम्पोला नाही, रिक्षाला नाही. सिंगापूरला सुरुवातीला होतं तसं, गाडीत चौघं असतील तर नाही. आणि येणारा पैसा बसवरच खर्च होईल हे कायद्यात लिहिलेलं असावं. लंडनला पहिली दहा वर्षं तो वाहतुकीवरच लावायचं बंधन होतं. आपल्याकडं असं लिहिलेलं पाळलं जाईल का, इथं माझा हात थरथरतो. टोल कधी संपतो आणि कधी संपत नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण तेवढ्यासाठी आत्ताची वसुली न्याय्य ठरत नाही. ती चालूच आहे, आणि ती बसच्या खिडकीत झोपलेल्या माणसाकडून होतेय.

मध्ये तीन आठवडे मी बसनं ऑफिसला गेलो. चौथ्या आठवड्यात पाऊस आला आणि मी पुन्हा गाडी काढली. लपवण्यात अर्थ नाही.

पप्पा येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत. एकोणतीस वर्षं कंपनीच्या बसनं गेलेला माणूस. परवा त्यांना विचारलं, आता काय करणार? ते म्हणाले, "मला गाडी शिकव. सकाळी सहाला जाऊ, रस्ता मोकळा असतो."