मती असेल तरच अनुमती

नवा स्मार्टफोन घरात आला की पहिले दोन-तीन दिवस आपण त्याचा अभ्यासच करतो. कॅमेरा अंधारात कसा फोटो काढतो, ओल्या बोटाचा ठसा त्याला ओळखता येतो का, कुठून बोट सरकवले की मागे जाता येते, बॅटरी रात्रीपर्यंत पुरते का, हे सगळे आपण उत्साहाने तपासून पाहतो. या नव्या ओळखीत एक गोष्ट मात्र बहुतेक जण न पाहता ओलांडून जातात. पहिल्याच तासात फोन आपल्याला पुन्हा पुन्हा विचारतो : या अ‍ॅपला संपर्क यादी पाहू द्यायची का? मायक्रोफोन वापरू द्यायचा का? तुमचे ठिकाण कळू द्यायचे का? पुढे जाण्याची घाई असते, म्हणून दर वेळी ‘अनुमती द्या’ दाबले जाते.

प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो, पण साधकासाठी तो नीतीचाही आहे. न वाचता, न समजता दिलेला होकार खरोखर आपला होकार असतो का?

शब्द काय सांगतो

अनुवादाची सेवा करताना एखाद्या शब्दापाशी थांबावे लागते. ‘अनुमती’ हा तसा शब्द आहे. त्यात ‘मती’ आहे. आपली बुद्धी एखाद्या गोष्टीच्या मागे उभी राहिली, तर ती अनुमती. वैदिक परंपरेने तर अनुमतीला देवता मानले आहे; संमती ही इतकी मोलाची गोष्ट! बोट पुढे गेले आणि मती मागेच राहिली, तर त्या होकाराला अनुमती कसे म्हणायचे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना १८७२ चा भारतीय करार कायदा शिकावा लागतो. त्यातले १३ वे कलम संमतीची व्याख्या करते : दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. पुढचे कलम सांगते की दबाव, फसवणूक किंवा गैरसमजातून मिळालेली संमती मुक्त नसते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच नव्या संदर्भात मांडतो. संमती स्वेच्छेने, ठरावीक हेतूसाठी आणि माहिती घेऊन दिलेली असावी. ती जितक्या सहज देता आली, तितक्याच सहज मागे घेता यावी. कायदा समोरच्या कंपनीला मर्यादा घालू शकतो. पण स्क्रीनवरची ती दोन वाक्ये आपल्या वतीने तो वाचू शकत नाही. तेवढे काम आपल्याकडेच राहते.

जे आपले नाही, ते कसे देणार?

“माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” असे आपण सहज म्हणतो. घराचे दार आपण रात्री लावतो, ते काही आत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. शिवाय फोनमध्ये जे आहे, ते सगळे आपले नाही. संपर्क यादीचाच विचार करा. तिच्यात सत्संगातल्या ताईंचा नंबर आहे, शेजारच्या काकांचा आहे, मुलीच्या शिक्षिकेचा आहे. त्यांनी तो आपल्याला विश्वासाने दिला. फोटोला रंगीत चौकट लावणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने संपर्क यादी मागितली आणि आपण ‘हो’ म्हटले, तर ती सगळी नावे-नंबर त्या अ‍ॅपच्या हाती लागू शकतात. त्यांच्यापैकी कोणाला आपण विचारले होते?

महाभारतातल्या सभापर्वात द्रौपदीने एक प्रश्न विचारला होता : युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला? जो स्वतःचाच मालक उरला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? भीष्मांसारख्या ज्ञानी पुरुषालाही त्या सभेत नेमके उत्तर देता आले नाही. आपला प्रसंग त्या मानाने अगदी लहान आहे, तुलना घटनेची नाही. पण प्रश्नाचा गाभा आपल्यालाही लागू पडतो. घाईत आपले भान हरपलेले असते, आणि त्याच क्षणी आपण इतरांच्या वतीने होकार देत असतो. अस्तेय म्हणजे चोरी न करणे हे आपण जाणतो. ज्यावर आपला अधिकार नाही ते परस्पर दुसऱ्याला न देणे, हेही त्याच व्रतात येते.

संशय नको, विवेक हवा

याचा अर्थ प्रत्येक अ‍ॅपकडे शंकेने पाहायचे असा नाही. नकाशाला आपले ठिकाण कळल्याशिवाय तो रस्ता कसा दाखवणार? ऑनलाइन सत्संगात बोलायचे तर मायक्रोफोन लागणारच. जे कामासाठी आवश्यक आहे ते आनंदाने द्यावे. प्रश्न एवढाच विचारायचा : हे काम करायला याला हे खरेच लागते का?

असा विचार करण्याची सोय फोनमध्येच आहे. २०१५ पूर्वीच्या अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. त्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून, त्यानुसार बनवलेली अ‍ॅप्स गरज पडेल तेव्हा एकेक परवानगी मागू लागली. २०२० मध्ये अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ हा पर्याय आला, आणि बराच काळ न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोयही. बाराव्या आवृत्तीपासून कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. तेराव्या आवृत्तीपासून तर नव्या अ‍ॅपला सूचना पाठवण्यासाठीही आधी विचारावे लागते. म्हणजे आपल्या ध्यानाच्या वेळी दार कोणी ठोठवायचे, हेसुद्धा आता आपल्या हातात आहे.

हे वाचताना मन आत वळते. एखाद्याच्या बोलण्याने दहा वर्षांपूर्वी दुखावलो होतो. त्या आठवणीला आपण ‘नेहमी’ची परवानगी देऊन ठेवली आहे. ती हवी तेव्हा आत येते, हवा तितका वेळ बसते. रागाला, तुलनेला, भीतीला आपण कधी होकार दिला ते आठवतही नाही, पण तो मागे घेतलेला नाही हे खरे. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला आहे. आत कोण शिरते आहे ते रोज पाहणे हा अभ्यास. आणि ज्याचे काम संपले त्याची परवानगी काढून घेणे, हे वैराग्याचे पहिले पाऊल मानायला हरकत नाही.

सेवेची एक संधी

आपल्यापैकी अनेक तरुण घरातल्या ज्येष्ठांचा नवा फोन सुरू करून देतात. ही सेवाच आहे. पण तिथे त्यांच्या वतीने भराभर ‘अनुमती द्या’ दाबणारे बोट आपलेच असते. त्याऐवजी शेजारी बसावे आणि विचारावे, “आजी, हे अ‍ॅप तुझ्या फोनमधले सगळ्यांचे नंबर मागतंय, देऊ या का?” आजी बहुधा विचारेल, “त्याला कशाला हवेत?” हाच तर योग्य प्रश्न आहे! काम पाच-दहा मिनिटांनी लांबेल. पण फोन तिचा आहे, तर होकारही तिचाच असायला हवा.

या आठवड्यात आपण एक छोटा संकल्प करू या. सेटिंग्जमध्ये जाऊन परवानग्यांची यादी उघडा. संपर्क, मायक्रोफोन, ठिकाण या तीन जागी कोणकोणती अ‍ॅप्स आहेत ते पाहा, आणि ज्यांचे कारण सांगता येणार नाही, त्यांची परवानगी काढून घ्या. मग फोन बाजूला ठेवून संध्याकाळच्या ध्यानाला बसा. डोळे मिटल्यावर जो पहिला विचार न विचारता आत येईल, त्यालाही शांतपणे तोच प्रश्न विचारा : तुला आत येण्याची अनुमती मी केव्हा दिली होती?