शिदोरी सोडण्याआधी

हॉटेलाच्या भिंतीवर एक पाटी असते, 'बाहेरील खाद्यपदार्थ येथे बसून खाऊ नयेत.' आपल्यासारख्या माळकऱ्याला ती पाटी जरा खुपते. कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाची एकादशी असते, कोणाला साखरेचे पथ्य असते. म्हणून शिदोरी बरोबर घ्यावी लागते. आणि प्रवासात बसायला सावली, हात धुवायला पाणी मिळते ते हॉटेलातच. मग दुसऱ्याच्या दुकानात बसून आपली शिदोरी सोडावी की नाही? प्रश्न लहान दिसतो. पण या लहान प्रश्नात मी एकदा चांगला नापास झालो आहे, म्हणून लिहितो.

पुष्कळ वर्षे झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन करून आम्ही चौघे परत निघालो होतो. मी, मृदंगाचार्य आणि दोन टाळकरी. यजमानीणबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून दिले होते. इंदापूरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका हॉटेलात आम्ही शिरलो. दुपारची ऐन जेवणाची वेळ, सगळी टेबले भरलेली, दाराशी माणसे ताटकळलेली. आम्ही चौघांत दोन चहा सांगितले आणि फडके सोडले.

मालक जवळ आला. हात जोडूनच म्हणाला, "महाराज, बाहेरचं इथं बसून खाता येत नाही. पाटी लावलीय बघा."

मी नुकताच व्यासपीठावरून उतरलो होतो. गळ्यात हार नव्हता, पण डोक्यात होता. मी चारचौघांत ऐकू जाईल असे म्हणालो, "आम्ही कोणाच्याही हातचं खात नसतो."

त्या माणसाचा चेहरा उतरला. "खावा महाराज," एवढेच म्हणून तो गल्ल्यावर जाऊन बसला. तेव्हा माझे लक्ष गेले, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

आम्ही जेवलो. निघताना मी जरा जास्तीचे पैसे पुढे केले, तर त्याने दोन चहाचे तेवढे घेतले. मग माझ्या कपाळाचा बुक्का पाहून विचारले, "काल्याचं कीर्तन करून आलात जणू? प्रसाद हाय का थोडा?"

पिशवीत काल्याच्या लाह्यांची पुडी होती. आम्ही विसरूनच गेलो होतो. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत जाऊन भटारखान्यातल्या प्रत्येक पोराच्या तळहातावर थोडी थोडी ठेवली. काला कोणी कालवला, कोणाच्या हातचा, हे त्याने विचारले नाही. काला सांगून आलो होतो मी, आणि काला केला त्याने.

आता याचा विचार करू. आधी पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, अन्न देवाचे आहे. तैत्तिरीय उपनिषदात वरुणपुत्र भृगूने तप केले, तेव्हा त्याला पहिल्यांदा अन्न हेच ब्रह्म असे कळले. त्याच ठिकाणी, आश्रयाला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, असे व्रत सांगितले आहे. मग भुकेल्या वाटसरूला शिदोरी खाऊ न देणारा हा हॉटेलवाला कोण?

पूर्वपक्ष ऐकायला गोड आहे, पण त्यात एक खोट आहे. ते व्रत घरधन्याला सांगितले आहे, पाहुण्याला नाही. धन्याने ते आपणहून पाळले तर तो त्याचा धर्म. पाहुण्याने ते त्याच्याकडून वसूल करू पाहिले तर ती जबरदस्ती. व्रत ज्याचे त्याने पाळावे. दुसऱ्याच्या व्रतावर आपण हक्क सांगू नये. आणि हाच न्याय माझ्या बाजूनेही लागतो. बाहेरचे खायचे नाही हे व्रत माझे. मग त्या व्रताचे भाडे त्या मालकाने का भरावे?

भाडे म्हणतो ते उगीच नाही. हॉटेलात थाळीचे पैसे आपण देतो ते नुसत्या डाळ-तांदळाचे नसतात. त्यात जागेचे भाडे असते, गॅस, वीज, पाणी असते, टेबल पुसणाऱ्या पोराचा पगार असतो. भर दुपारी आम्ही चौघांनी दोन चहांवर अर्धा तास टेबल अडवले. बाहेर उभ्या असलेल्या लेकुरवाळ्या बाईची जागा आम्ही खाल्ली. न विचारता घेतलेल्या वस्तूला शास्त्रात काय म्हणतात, ते मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितले आहे. सावता महाराजांचा मळा, गोरोबाकाकांचे चाक, सेना महाराजांचा वस्तरा, ही त्यांची पूजाच होती, असेही सांगितले आहे. मग त्या माळकऱ्याचा गल्ला मला पूजेचा का दिसला नाही?

चित्रपटगृहांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने सांगितले की, बाहेरचे खाद्य आणू न देण्याचा नियम चित्रपटगृहाच्या मालकाला करता येतो. मात्र पिण्याचे पाणी फुकट द्यावे आणि तान्ह्या मुलाचे खाणे अडवू नये. हॉटेल आणि चित्रपटगृह एक नव्हेत, पण त्यातला विवेक घेण्यासारखा आहे. मालकाचा हक्क खरा, आणि तहान व तान्हे मूल त्या हक्काच्या वर.

आता अन्न नाकारण्याविषयी. भगवंतांनीही अन्न नाकारले आहे. शिष्टाईला गेले तेव्हा दुर्योधनाचे जेवण त्यांनी घेतले नाही. महाभारतात त्यांनी कारण दिले ते असे, की परक्याचे अन्न प्रेमापोटी खावे किंवा अडचणीपोटी; तुझ्याकडे प्रेम नाही आणि मला अडचण नाही. ते विदुराघरी जेवले. पण बघा, नाकारायचे म्हणून ते दुर्योधनाच्या पंगतीत बसून आपला डबा उघडत बसले नाहीत. नको असेल तर उठावे. जागा हवी आणि जागेच्या धन्याचा मान नको, हे चालत नाही.

मग शिदोरीवाल्याने करावे तरी काय? माझ्यापुरते मी ठरवले ते सांगतो. शिदोरी सोडण्याआधी विचारावे. पाटी असली तरी विचारावे, नसली तरी विचारावे. अडचण खरी असेल ती सांगावी. मधुमेह आहे, उपास आहे, लेकराचा भात आहे. ऐन गर्दीत टेबल अडवू नये. सगळ्यांनी मिळून काहीतरी मागवावे, आणि आपले खरकटे आपण उचलावे. शाकाहारी हॉटेलात त्या घराला न चालणारे काही काढू नये. 'नाही' म्हटले तर राग न धरता बाहेरच्या झाडाखाली बसावे. वारीत आपण उघड्या माळावर बसून पिठलंभाकरी खातोच की.

एवढे केले तरी आचार झाला, विचार राहतो. त्या दिवशी माझ्या शिदोरीत दशम्यांखाली आणखी एक जिन्नस होता. 'कोणाच्या हातचे खात नाही' या शब्दांमागे पथ्य थोडे होते आणि सोवळे फार. याच सोवळ्याने आपल्या समाजात माणसाला माणसाच्या पंगतीतून उठवले. आणि आपला संप्रदाय आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काल्याच्या लाह्या एकमेकांच्या मुखात घालतो. गोपाळांनीही आपापली शिदोरी घरूनच आणली होती. पण ती एकत्र कालवायला आणली होती, वेगळी बसून खायला नव्हे. सुदाम्याने द्वारकेत पोहे नेले ते देण्यासाठी. शिदोरी आणण्यात दोष नाही. ती मी माझ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये भिंत म्हणून ठेवतो की दुसऱ्यापुढे धरतो, एवढेच पाहायचे.

पुढे त्या रस्त्याने कैक वेळा गेलो. रस्ता रुंद झाला, ते हॉटेल काही पुन्हा सापडले नाही. माफी मागायची राहून गेली. आता कीर्तन थांबले आहे. आवाज राहिला नाही. पण कोठे फडके सोडण्याची वेळ आली की आधी उठून गल्ल्यापाशी जातो, हात जोडतो आणि विचारतो. त्या माउलीची माफी मी अशीच थोडी थोडी फेडतो आहे.

रामकृष्ण हरी.