नाडी बघणारा हात

पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा होते. ज्यांना शिवायला घरची माणसंही धजावत नसत, त्यांना स्पर्शाचं मोल विचारावं. रुग्णालयात हाच स्पर्श हातमोज्यांआड जातो. रक्त, जखम, स्राव असेल तिथे हातमोजे हवेतच. एरवी नाडी बघायला, ब्लडप्रेशर मोजायला ते लागत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हवेत ते धुतलेले हात. मोज्यांची तीच जोडी घालून तीन खाटा फिरलं, तर जंतूही फिरतात. वर हात धुणं राहूनच जातं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या परिचारिकांनी २०१८ मध्ये गरज नसताना मोजे न घालण्याचं मनावर घेतलं, अन् वर्षभरात २१ टन प्लास्टिक वाचलं. आता राऊंडला निघालेल्या सिस्टर, नाडी बघण्याआधी मोज्यांचं खोकं राहू द्या, आधी साबणाकडे वळा.