विचारले, म्हणजे जबाबदारी संपली काय?

संगणकावर एखादी फाइल उतरवून घेणे हे आता आपल्या घरोघरी नित्याचे काम झाले आहे. निवृत्तिवेतनाचा अर्ज, मुलांचे परीक्षेचे प्रवेशपत्र, छपाईयंत्र चालवणारा प्रोग्राम, नाताळच्या गायनवृंदासाठी एखाद्या गीताची स्वरलिपी; हे सारे ब्राउझरच्या खिडकीतूनच घरात येते. त्यातील कित्येक वस्तूंना उंबरठ्यावरच हटकले जाते. ‘या प्रकारची फाइल आपल्या संगणकास अपाय करू शकते, तरीही ठेवायची काय?’ आपण होकार देतो. फाइल उघडू जावे तो पुन्हा प्रश्न येतो, की ही फाइल इंटरनेटवरून आलेली आहे, ती उघडण्याची आपली खात्री आहे काय? पुन्हा होकार. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणूस वैतागलेला असतो, आणि समोर काय लिहिले आहे हे न वाचताच त्याचे बोट होकाराच्या बटणावर पडते.

हा वैताग वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि त्याच्या पोटात नीतिशास्त्रातले दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. धोक्याची सूचना देणाऱ्याची जबाबदारी सूचना देताक्षणीच संपते काय? आणि न समजता दिलेल्या होकाराला संमती म्हणता येईल काय? आपल्या श्रद्धेने या प्रश्नांचा विचार संगणक जन्मण्यापूर्वी कितीतरी शतके केलेला आहे. म्हणून त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

प्रथम सूचना देणाऱ्याची बाजू न्यायबुद्धीने ऐकून घेऊ. ४ मे २००० रोजी जगभरातील असंख्य लोकांच्या टपालपेटीत ‘आय लव्ह यू’ अशा मथळ्याचे एक ईमेल येऊन पडले. सोबत एक प्रेमपत्र जोडलेले दिसत होते. वास्तविक ते पत्र नव्हे, तर एक विध्वंसक प्रोग्राम होता. परंतु फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, ज्यावरून हे ओळखता आले असते, तो विंडोज प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत झाकलेला राहत असे. फाइल उघडली की संगणकातील छायाचित्रे आणि इतर फाइली नष्ट होत, आणि तेच पत्र त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांकडे त्याच्याच नावाने रवाना होई. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहालाही आपली ईमेल-व्यवस्था बंद ठेवावी लागली. हा प्रोग्राम फिलिपाइन्समधील मनिला शहरात तयार झाला होता. अशा कृत्यास शासन करणारा कायदाच त्या देशात तेव्हा नसल्याने खटला टिकला नाही. तो कायदा पुढच्याच महिन्यात करण्यात आला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ते पत्र परक्याकडून आलेले नव्हते. ते मित्राच्या, सहकाऱ्याच्या, नातलगाच्या नावाने आले होते. माणसामाणसांतील विश्वास हेच त्याचे वाहन होते. अशा अनुभवांतून पुढे ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीत मोठी सुधारणा केली. न मागता सुरू होणारे डाउनलोड ब्राउझर अडवू लागला आणि वरच्या बाजूस एक पिवळी पट्टी दाखवू लागला. बाहेरून आलेल्या फाइलीवर एक अदृश्य खूण केली जाऊ लागली, आणि ती खूण पाहून प्रणाली उघडण्यापूर्वी प्रश्न विचारू लागली. तेव्हा हे प्रश्न कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यांच्यामागे पुष्कळांचे नुकसान उभे आहे.

येथे यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील तेहतिसाव्या अध्यायाची आठवण होते. नगराने नेमलेला पहारेकरी तलवार येताना पाहतो आणि रणशिंग फुंकतो. ते ऐकूनही जो सावध होत नाही, त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी येतो. परंतु पहारेकऱ्याने तलवार पाहूनही शिंग फुंकले नाही, तर त्या रक्ताचा जाब देव त्या पहारेकऱ्याला विचारतो. संगणकाची प्रणाली बनवणारे नेमका हाच बचाव पुढे करतील: आम्ही शिंग फुंकले होते, तुम्ही ऐकले नाही.

पण हा बचाव पुरता टिकतो काय? संदेष्ट्याच्या दृष्टांतातील पहारेकरी आधी पाहतो, मग फुंकतो. गुरे परतताना, व्यापारी येताना, पाहुणा येताना, प्रत्येक वेळी जो सारखेच शिंग फुंकतो, त्याने पहाऱ्याचे काम केले असे आपण म्हणू काय? ‘या प्रकारची फाइल अपाय करू शकते’ हे वाक्य तपासून पाहा. ते त्या प्रकाराविषयी बोलते. समोरच्या फाइलीविषयी ते काहीच सांगत नाही. ते असत्य नाही, पण निर्णय घेण्यास साहाय्यभूतही नाही. लांडगा आला रे आला, असे ओरडणाऱ्या गोष्टीतल्या मुलाने थट्टेने खोटे सांगितले; येथे कोणी खोटे बोलत नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम तोच होतो.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की गंभीर पाप घडण्यास केवळ विषय गंभीर असून भागत नाही. पूर्ण ज्ञान आणि बुद्धिपुरस्सर दिलेली संमतीही लागते. हा नियम पापापुरताच मर्यादित नाही. कोणतीही मानवी कृती खऱ्या अर्थाने आपली होण्यासाठी बुद्धीने जाणणे आणि इच्छेने स्वीकारणे या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. आता ज्या गृहिणीला प्रोग्राम म्हणजे काय हे कोणी कधी सांगितलेले नाही, तिला ‘या प्रकाशकावर आपला विश्वास आहे काय?’ असे विचारून मिळवलेला होकार कोणत्या प्रतीचा? तिचे बोट हलले हे खरे. पण तेवढ्याने ती संमती ठरते, असे म्हणणे नीतीच्या कसोटीस उतरत नाही. ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याने निर्णयाचा भार ज्ञान नसलेल्यावर ढकलावा, आणि अनर्थ झाल्यावर ‘आपणच तर परवानगी दिली होती’ असे म्हणावे, हे जड ओझी बांधून दुसऱ्याच्या खांद्यावर देण्यासारखे आहे. अशा शास्त्री-परूश्यांविषयी प्रभू येशू काय म्हणाला, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या वाचकांस ठाऊक आहेच.

या संदर्भात एक प्रसंग उद्बोधक आहे. २००७ च्या प्रारंभी सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेली विंडोज व्हिस्टा ही प्रणाली तिच्या सततच्या परवानगी-प्रश्नांमुळे बदनाम झाली. एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने उघडपणे सांगितले, की वापरणाऱ्यांना त्रास व्हावा हाच त्या योजनेमागील हेतू होता. बेफिकिरीने प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर ग्राहकांच्या तक्रारींचा दाब यावा आणि त्यांनी सुधारावे, असा तो हिशेब होता. कित्येक प्रोग्राम त्यामुळे सुधारलेही. परंतु दोषी माणसाला वळण लावण्यासाठी निर्दोष माणसाला छळणे न्याय्य आहे काय? चांगल्या हेतूसाठीही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असेच आपली नीती सांगते. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये हे प्रश्न बरेच कमी करण्यात आले.

माणूसच मुळात निष्काळजी, त्याला कितीही सांगा, तो ऐकत नाही, असे म्हणून काही जण हा विषय संपवतात. त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहावा. दोन संशोधकांनी क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांतील अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचे काय झाले, याची नोंद घेतली. सुरक्षित जोडणीविषयीचे इशारे क्रोम वापरणाऱ्यांनी सुमारे सत्तर टक्के वेळा ओलांडले. फायरफॉक्समध्ये हेच प्रमाण सुमारे तेहतीस टक्के होते. उलट, घातक प्रोग्राम आणि फसवी संकेतस्थळे यांविषयीचे इशारे दोन्हीकडे पावाहून कमी वेळा ओलांडले गेले. अर्थात इशारा कशाविषयी आहे आणि तो कसा दिला आहे, यावर माणसाचे वागणे पुष्कळसे अवलंबून असते. माणसाचे कान शाबूत आहेत. शिंग कसे फुंकावे हे शिकण्यासारखे आहे.

ते काही अंशी शिकलेही गेले. २०११ च्या इंटरनेट एक्सप्लोररपासून फाइलीचा पूर्वलौकिक पाहण्याची पद्धत आली: जी फाइल पुष्कळांनी निर्धोकपणे घेतली आहे तिला वाट द्यावी, अनोळखी फाइलीस मात्र थांबवावे. पहारेकरी येणाऱ्याचे तोंड पाहू लागला. अर्थात यातही एक उणीव राहिली. जो प्रामाणिक पण नवा आहे, त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

एवढे सगळे मान्य केल्यावरही आपली स्वतःची जबाबदारी उरतेच. पहारेकरी चुकला म्हणून नगरवासीयाने झोपून राहावे, असे होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांच्या सायबर शाखेने लोकांना सावध केले, की व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून जी एपीके फाइल येते, ती पत्रिका नसून फोनवर ताबा मिळवणारा प्रोग्राम असतो. लग्नाचे निमंत्रण आपण संशयाने उघडत नाही. ते आपल्या संस्कृतीला शोभतही नाही. चोराने नेमके तेच हेरले. मात्र अशी फाइल बसवण्यापूर्वी अँड्रॉइड फोन सामान्यतः हटकतो. शंभर निरर्थक प्रश्नांना होकार देऊन सरावलेले बोट त्या एका सार्थ प्रश्नालाही होकार देऊन मोकळे होते, आणि आयुष्यभराची पुंजी जाते.

सवयीने आणि अनवधानाने माणसाचा दोष कमी होऊ शकतो, हे १९९२ च्या कॅटेकिझममध्ये मान्य केलेले आहे. परंतु सत्य शोधण्याची ज्याने फिकीरच केली नाही, त्याचे अज्ञान निर्दोष नसते, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणून दोन टोके टाळावी लागतात. एक टोक निष्काळजी मनाचे, जे सर्वच दारे उघडते. दुसरे भयग्रस्त मनाचे, जे प्रत्येक प्रश्नासरशी दचकते; आपल्यातील कित्येक वडीलधारी माणसे त्या भयाने संगणकाला हातच लावीनाशी होतात आणि साध्या अर्जासाठी परावलंबी बनतात. अशा मनाला नीतिशास्त्रात ज्या लॅटिन शब्दाने ओळखतात, त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा असा आहे. चपलेत शिरलेला खडा चालू देत नाही. १५२२ मध्ये मानरेसा येथे संत इग्नाती लोयोला यांनी हा जाच पुरता भोगला. आणि प्रत्येक भयसूचना देवाकडून येत नसते, ती पारखून घ्यावी लागते, हे ते त्यातूनच शिकले.

ही पारख साधी आहे. मी ही फाइल शोधत गेलो, की ती न मागता माझ्याकडे आली? ज्याच्या नावाने आली, त्याला फोन करून मी विचारले काय? मला घाई कोण करत आहे? फायरफॉक्समध्ये काही वेळा होकाराचे बटण पहिला क्षणभर दाबताच येत नाही. लबाड पानांनी माणसाकडून भराभर क्लिक करवून घेऊ नये, म्हणून ती योजना आहे. तो क्षण वाया गेला असे न मानता वाचण्यासाठी वापरला, तर पुष्कळ अनर्थ टळतील. आणि घरातील जाणत्या मुलामुलींनी आजी-आजोबांना ‘काही होत नाही, दाबा’ असे सांगण्याऐवजी पाच मिनिटे शेजारी बसून समजावून द्यावे. शेजारप्रीतीचे हे आजचे एक रूप आहे.

शेवटी, आपणही कोठे ना कोठे पहारेकरी आहोत. आईवडील मुलांना, शिक्षक विद्यार्थ्यांना, आणि आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून श्रोत्यांना सतत काही ना काही बजावत असतो. दिवसातून पन्नास वेळा ‘हे करू नकोस’ ऐकणारे मूल एक्कावन्नाव्या वेळी, जेव्हा खरोखरच विहिरीचा कठडा तुटलेला असतो, तेव्हा थांबेल काय? बजावण्यापूर्वी आपण स्वतः पाहिले पाहिजे, नेमका धोका कोणता ते समोरच्याला कळेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे, आणि सांगून झाल्यावर त्याच्या सोबत थांबले पाहिजे. यहेज्केलच्या पहारेकऱ्याला नगराच्या लोकांनी आपल्यातूनच निवडले होते. तलवार आली असती, तर ती त्याच्याही घरावर आली असती.