दारू अर्धी केली म्हणून?

हसू नकोस. काल ओट्यावर तुझी आई, काका, शेजारची पोरं सगळी बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. परदेशातून आलेल्या मुलाचा चारचौघांत पाणउतारा करायचा नसतो. पण "नळीत गोळी अडकली, नुसतं फुस्स झालं" हे तू ज्या थाटात सांगितलंस आणि त्यावर जो हशा पिकला, तो मला रात्रभर छळत होता. आता इथे आपण दोघंच आहोत. खुर्ची पुढे ओढ आणि ऐक.

काय केलंस ते तुझ्याच शब्दांत सांगतो, चुकलं तर थांबव. काउबॉयच्या वेशात नेमबाजी करणारा तुमचा क्लब आहे, तिथे पंचेचाळीस कोल्टचं रिव्हॉल्व्हर चालवतोस. धक्का कमी बसावा, झटपट पाच गोळ्या सुटाव्यात, म्हणून हलकी काडतुसं घरी भरतोस. इथवर माझी काही तक्रार नाही. तिकडे तुझ्या राज्यात ते कायदेशीर आहे, आणि छंद म्हणून शिस्तीचा आहे. मग नेहमीची दारू संपली. मित्राच्या गॅरेजमध्ये एच-110 चा अर्धा डबा पडला होता. मॅग्नम काडतुसांची, सावकाश जळणारी दारू. तू हिशेब केलास : ही जोरकस आहे, तर निम्मी घालू, म्हणजे जोर निम्मा. झालं हलकं काडतूस!

अरे, हा हिशेब बी.एस्सी. झालेल्या माणसाचा आहे? ज्वलनाचा वेग दाबावर अवलंबून असतो, हे मी तुला याच बाजवा गावात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. नायट्रोसेल्युलोज उघड्यावर पेटवलं तर भुरकन जळून जातं, आवाजसुद्धा होत नाही. कोंडलं की दाब वाढतो, दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की पुन्हा दाब वाढतो. काडतुसातलं सगळं काम या साखळीवर चालतं. सावकाश दारूच्या कणांवर मुद्दाम असा थर चढवलेला असतो की सुरुवातीला त्यांनी हळू पेट घ्यावा. तिला जड गोळी हवी, भरलेली पुंगळी हवी, वरचा दाब हवा. तू निम्मी घातलीस तेव्हा ती साखळी सुरूच झाली नाही. चूल पेटण्याआधीच विझावी तशी ती दारू अर्धवट करपली आणि बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या प्राइमरच्या नुसत्या फटक्यानं गोळी नळीत सरकून बसली. प्राइमर एकटासुद्धा गोळीला नळीत ढकलू शकतो.

आणि हे काही मी माझ्या मनचं सांगत नाही. बनवणाऱ्या कंपनीनंच छापलंय की एच-110 चं दिलेलं माप तीन टक्क्यांहून जास्त कमी करू नका. तीन टक्के! तू पन्नास टक्के कमी केलंस. गेल्या खेपेला दारू भरण्याचं जे जाडजूड पुस्तक तू मला भेट म्हणून आणलंस, ते मी पानन्पान वाचलं. या वयात, भिंग घेऊन. तू स्वतःची प्रत उघडली होतीस का? उघडली असतीस तर गोळी अडकली नसती.

"पण सर, टायमरवाल्यानं थांबवलं, काही झालं नाही." हेच तुझं काल तीनदा बोलून झालं. घड्याळ धरून मागे उभ्या राहणाऱ्या त्या माणसाचे पाय धरायला हवेत तू. तुमच्या खेळात घोडा अंगठ्यानं ओढायचा, चाप दाबायचा, पुन्हा ओढायचा, आणि हे सगळं घड्याळाशी शर्यत लावून. कानाला वेगळा आवाज लागून डोक्यात शंका यायच्या आत अंगठा पुढच्या गोळीवर पोहोचलेला असतो. नळीत एक शिसं आडवं बसलंय आणि मागून पूर्ण भरलेली दुसरी गोळी येते. नशीब असेल तर नळीला वाटोळा फुगवटा येतो आणि रिव्हॉल्व्हर भंगारात जातं. नसेल तर नळी फाटते, आणि फाटलेलं पोलाद कुठे जाईल याचा नेम नसतो. तुझ्या दोन हातांवर आलेली, बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर आलेली गोष्ट त्या टायमरवाल्यानं एका ओरडण्यानं टाळली. ती सांगून हसायची नसते.

बरं, हलकं भरणं हे काही चोरीचं काम नाही. तुमच्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीचे नियम मी वाचले. 1987 मध्ये संस्था निघाली, त्याआधी 1982 पासून त्यांचा मेळा भरतोय, म्हणजे चाळीस वर्षांवर त्यांनी हा विचार केलाय. लोखंडी पाट्या जवळ लावलेल्या असतात, म्हणून गोळी शिशाचीच आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला हजार फुटांच्या आत. पण त्यांनी खालची मर्यादाही आखून दिलीय, हे तुला ठाऊक आहे का? चारशे फुटांच्या खाली चालत नाही, आणि गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार, हा आकडा 60 च्या खाली गेलेला चालत नाही. म्हणजे 158 ग्रेनची गोळी चारशे फुटांनी गेली तर 63 येतात, जेमतेम पास. खाली मर्यादा असलेली बरीच, कारण फार हलकं भरण्याच्या हव्यासात लोक तेच करतात जे तू केलंस.

आता मूळ रोग ऐक. तुझी पुंगळी 1873 ची आहे. तिचा जन्म काळ्या दारूसाठी झाला, त्या काळी चाळीस ग्रेन काळी दारू ठासून ती गच्च भरायचे. आज धूर न करणारी दारू हलक्या मापानं घातली तर पाच-सहा ग्रेन बसतात. ग्रेन म्हणजे किती, तर आपल्या सराफाच्या एका तोळ्यात 180 ग्रेन. तुझी पाच ग्रेन दारू तीन गुंजांनाही कमी पडते. एवढ्याशा दारूला एवढं मोठं घर. ती तळाशी लोळते. नळी खाली झुकवलीस तर गोळीकडे जाते, वर केलीस तर प्राइमरकडे येते, आणि काही दारूंचा दाब नि वेग त्यावरून बदलतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याच पुंगळीत चुकून दोनदा माप पडलं तरी ती भरून सांडत नाही. वरून गोळी बसते, काडतूस देखणं दिसतं. हलक्या काडतुसाचा धोका असा पोटात लपून असतो. मॅग्नमच्या भरलेल्या पुंगळीत ही चूक लपत नाही.

म्हणून दारू निवडताना पहिला प्रश्न "स्वस्त कोणती" किंवा "घरात कोणती पडलीय" हा नसतो. माझ्या पुंगळीत ती किती जागा भरते आणि कमी दाबात नीट जळते का, हे आधी विचारायचं. ट्रेल बॉस नावाची दारू याच खेळासाठी काढली होती. मधे भोक असलेले चकतीसारखे कण, वजनाला हलके, जागा व्यापणारे. दुप्पट पडली तर डोळ्याला दिसावी, हाच तिचा गुण. तीही दाबून भरायची नाही, कण चिरडले की दाब वाढतो. गेली काही वर्षं ती दुकानात मिळत नाही, हे खरं. पण म्हणून हाताला लागेल ते घालायचं? टाइटग्रुप आहे, पुंगळीत कुठेही लोळली तरी फार फरक पडू नये अशी केलेली. मात्र ती इतकी थोडी लागते की दुप्पट माप सहज लपतं. बुल्सआय 1898 पासून आहे, झटकन जळते, तिचंही तेच. रेड डॉट ही छऱ्याच्या काडतुसांची पापुद्र्यांची दारू, फुगीर, जागा जास्त घेते. युनिकही पुरेशी फुगीर आहे, पण मापयंत्रातून तिचे पापुद्रे एकसारखे पडत नाहीत आणि फार हलकं भरलं की न जळलेले कण नळीत राहतात. माझं मत विचारशील तर नवशिक्यानं फुगीर आणि झटकन जळणारी दारू घ्यावी, आणि जमत असेल तर पंचेचाळीसचा हट्ट सोडून अडतीस स्पेशल चालवावी. लहान पुंगळी, कमी रिकामी जागा. तुझा रुबाब कमी होईल, बोटं शाबूत राहतील.

काळ्या दारूचं तू काल मध्येच काढलंस, "मग तीच भरतो, पुंगळी भरते तर." तिथेही घाई. काळी दारू गच्च भरायची, तिच्यात पोकळी ठेवायची नाही, आणि नळी त्याच दिवशी पाण्यानं धुवायची, नाहीतर गंज चढतो. तिचा नियम धूर न करणाऱ्या दारूला लावून पुंगळी गच्च भरलीस तर रिव्हॉल्व्हर हातात फुटेल. दोन्ही दारू एका टेबलावर कधीच नकोत.

आणखी एक. तू म्हणालास की यंत्राचा दांडा एकदा ओढला की चार कामं होतात, तासाला ढीगभर काडतुसं निघतात, भरता भरता मी फोनवर बोलतो. फोनवर? दांडा अर्ध्यात थांबला, फोन ठेवला, पुन्हा ओढला, तर एका पुंगळीत दोन मापं आणि दुसरी कोरडी. तुझ्याकडे पन्नास भोकांची लाकडी पट्टी आहे, पुंगळ्या तिच्यात उभ्या करायच्या, वरून दिवा धरायचा आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीच्या पोटात बघायचं. एखादी उंच दिसली, एखादी खोल दिसली की ओतून पुन्हा तोलायची. काम झालं की मापयंत्रातली दारू मूळ डब्यात परत. रात्रभर तिथे ठेवून उद्या "ही कोणती बरं" असं विचारायचं नाही. आणि मैदानावर डोळे उघडे ठेव. सुटलेल्या पुंगळीच्या अंगावर काजळी मागेपर्यंत आली असेल, तर दाब इतका कमी होता की पितळ फुगून भिंतीला चिकटलंच नाही. तुझ्या पुंगळ्या काळ्याकुट्ट होत्या, तूच फोटो दाखवलास. ती सूचना होती. तू ती कापडानं पुसून टाकलीस.

तुझ्या बाबांना आठव. 1967 साली इथला खत कारखाना सुरू झाला, पुढे कितीतरी मराठी घरं त्याच्या आधारानं बाजव्यात रुजली, तुमचंही. तुझे बाबा अमोनियाच्या प्लँटमध्ये शिफ्टला असायचे. हातात परमिट आल्याशिवाय त्यांनी कधी व्हॉल्व्हला हात लावला नाही, वरिष्ठ ओरडले तरी नाही. त्या शिस्तीच्या पगारावर तू शिकलास. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 ला स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. तिथली माणसं रोज नियमाच्या चौकटीत काम करणारी, तरी दारूनं दया दाखवली नाही. आणि तू गॅरेजमध्ये, एका हातात फोन धरून.

शेवटचं, आणि यात मी कुणाचं ऐकणार नाही. पुढच्या वेळी ते यंत्र सामानात घालून आणतो, पोरांना दाखवतो, असं तू बोललास. इथे 1959 चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्रीही दारूगोळाच ठरते. परवान्याविना बनवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. तुझ्या राज्यातली मोकळीक विमानातून उतरताना संपते. काल तुझं ऐकून शेजारचा नववीतला मुलगा सकाळी माझ्याकडे आला आणि विचारू लागला की फटाक्यांतली दारू काढून असं काही करता येईल का. त्याला मी दटावून परत पाठवलं. पण ती कल्पना त्याच्या डोक्यात तू घातलीस. संध्याकाळी त्याच्या घरी जायचंस, त्याच्या आईवडिलांसमोर त्याला बसवायचंस, आणि गोळी अडकली तेव्हा काय होणार होतं ते न हसता सांगायचंस.

तिकडे पोहोचलास की त्या डब्यातून भरलेलं एकही काडतूस उडवायचं नाही. सगळी उघडायची, गोळ्या वेगळ्या करायच्या. निघालेली दारू कुठल्याही डब्यात परत ओतायची नाही, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नष्ट करायची. मित्राचा अर्धा डबाही वापरायचा नाही. उघडलेल्या डब्यात आधी कुणी काय मिसळलं, याची खात्री कुणी देत नाही. नवी दारू घेतलीस की त्या दारूचं, त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचं छापील माप काढायचंस, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दोन्ही. त्या पानाचा फोटो मला पाठवायचास. माझं उत्तर येईपर्यंत यंत्राला हात नाही.

ते पुस्तक टेबलावर आहे. कमी माप करण्याबद्दलच्या पानावर मी कागद घालून ठेवलाय. उघड, आणि मोठ्यानं वाच. पहिल्या ओळीपासून, माझ्यासमोर.