निळा पडदा पडला तरी फॉरमॅट करू नकोस

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
९ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून तेव्हा एवढंच म्हणाले की कॉम्प्युटर बंद कर आणि माझं पत्र येईपर्यंत हात लावू नकोस. कमानी सभागृहात आज नाटक आहे. मी तासभर लवकर आले आहे आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून हे लिहिते आहे. पानांचे फोटो पाठवते, ते छापून समोर ठेव. फोनवर सांगितलेल्या पायऱ्या अर्ध्या विसरतात.

दुकानातला मुलगा म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, तासात होईल." तेवढं करू देऊ नकोस. त्या डिस्कवर आजीच्या ओव्या आहेत. कॅसेटवरून तू उतरवून घेतल्यास, आणि मूळ कॅसेटला आता बुरशी लागली आहे. दुसरी प्रत कुठेच नाही हे मला काल कळलं, आणि रात्री झोप आली नाही.

तो निळा पडदा म्हणजे सगळं गेलं, असं नसतं. मेमरी, डिस्क आणि ड्रायव्हर जिथे एकमेकांना भिडतात त्या विंडोजच्या गाभ्यात काही भलतंच घडलं, की पुढे चालू राहणं धोक्याचं होतं. चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ शकते. म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं आणि कारणाची खूण पडद्यावर ठेवून जातं. तू फोटो काढलास हे फार चांगलं केलंस. त्यात खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं लिहिलं आहे. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण बिघडलेल्या ड्रायव्हरमुळेही ही खूण येते. पण दिवाळीत तू रॅमची दुसरी पट्टी बसवलीस आणि दोनच दिवसांनी हे सुरू झालं. शेवटचा बदल कोणता, हा प्रश्न नेहमी पहिला विचारायचा.

आता क्रम नीट वाच, कारण इथेच माणसं चुकतात. घाबरलेला माणूस आधी फायली कॉपी करायला धावतो. पण रॅम बिघडलेली असेल तर कॉपी होणारी प्रत्येक फाइल त्याच रॅममधून जाते आणि प्रतच नासकी निघू शकते. म्हणून आधी नवी पट्टी काढायची. प्लग भिंतीतून काढ, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धर, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मोकळ्या करून पट्टी सरळ वर उचल. जुनी पट्टीही काढ, तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरव, कीस झटक आणि ती परत बसव. खिट्टी ‘टक’ करून लागली पाहिजे. धूळ दिसली तर मऊ ब्रशने काढ. माझ्या इथे दिल्लीची धूळ पंख्यावर थरच धरते.

जुन्या एकाच पट्टीवर विंडोज सुरू झालं, तर दुसरं काही न करता ओव्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर. दोन्हीकडून दोन-तीन ओव्या शेवटपर्यंत ऐकून बघ. नुसत्या फायलींच्या यादीवर विश्वास ठेवू नकोस.

मग तपास. शोधपट्टीत ‘एमडीशेड’ (mdsched) इंग्रजीत टाइप कर, म्हणजे विंडोजची मेमरी चाचणी निघेल. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन ती चालते. नवी पट्टी एकटी बसवूनही तीच चाचणी घे. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडलास तर कोणत्या तारखेला काय कोसळलं ते लाल फुल्यांनी दिसेल. दिवाळीच्या आधीही फुल्या असतील तर नव्या पट्टीला दोष देऊन थांबू नकोस.

सुरूच झालं नाही, तर सुरू होता होता दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. डिस्कच्या कुलपाची ४८ आकडी बिटलॉकर किल्ली मागितली तर ती बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल. ती आजच फोनवरून बघून वहीत लिहून ठेव.

१९ जुलै २०२४ आठवतं? क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधल्या एका सदोष फायलीमुळे जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख यंत्रांवर हाच निळा पडदा आला. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर असल्यामुळे घरचे कॉम्प्युटर बहुतांशी वाचले. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी अडकलेली यंत्रं माणसांनी एकेक करून सेफ मोडमध्ये नेली आणि ती एक फाइल काढून टाकली. डिस्क पुसावी लागली नाही. त्या मुलाने तासाभराची गोष्ट केली तेव्हा मला हेच आठवलं.

आणि एक कळकळीने सांगते. पडद्यावर फोन नंबर दिसला तर तो खरा निळा पडदा नव्हेच. मायक्रोसॉफ्ट आपल्या त्रुटीच्या संदेशात नंबर देत नाही. कुणी दुरून कॉम्प्युटर चालवायचं एनीडेस्क टाकायला सांगितलं तर फोन ठेव, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लाव.

तुझं विंडोज १० आहे, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. त्याचं काय करायचं ते पुढच्या पत्रात. आज तो विषय नको.

दुसरी घंटा झाली, आत जाते. नाटक सुटेपर्यंत ओव्या उतरवून झाल्या असतील, तर पहाटेच्या जात्यावरची ती पहिली मला फोनवर ऐकव. कितीही उशीर झाला तरी.

तुझी
मावशी